दोन पेल्यांचा लेहबीब

येस्लेमच्या दुकानात भाड्यानं द्यायचे सॅटेलाइट फोन तीन होते. रिकाम्या खोक्यावर हिरवं कापड अंथरून त्यानं ते असे मांडले होते, की बघणाऱ्याला वाटावं, आता यांच्यासमोर दोन्ही हात वर करून दुआ मागायची आहे.

"हा पहिला," येस्लेम म्हणाला. "नवा, हलका, खिशात मावतो. बॅटरी दोन दिवस. हा दुसरा. जड आहे, पण उंटानं पाय दिला तरी बोलतो. मागच्या वर्षी दिला होता."

"फोन?" लेहबीबनं विचारलं.

"पाय. उंटाला काही झालं नाही, फोनलाही नाही. आणि हा तिसरा."

तिसरा जुना होता, मातकट, अंगठ्याएवढ्या जाड अँटेनाच्या शेंडीचा. आकड्यांची बटणं झिजून गुळगुळीत झालेली.

लेहबीबनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तो सारखाच पाहायचा. वाळवंटाच्या काठावरच्या अतार गावाच्या विमानतळावर, जिथं विमान आठवड्यातून एकदा यायचं आणि तेही लाजत लाजत, तिथल्या हवामान केंद्रात तो नोंदी करायचा. दर तीन तासांनी तापमान, वारा, ढग. ढग बहुतेक वेळा नसायचेच, पण 'नाही' अशी नोंद करायलाही जावं लागतं. त्यामुळे गेली पंधरा वर्षं कुणाच्याही घरी तो चहाला बसला, की दुसऱ्या पेल्यानंतर उठायचा. पहिला पेला तोंड ओलं करायला, दुसरा गप्पांना, आणि खरं बोलणं तिसऱ्याला. लग्न जमवायचं असो की उंट विकायचा असो, तिसऱ्या पेल्याआधी विषयाला कुणी हात घालत नाही. लेहबीबला अतारमध्ये कुठलंच खरं बोलणं कधी कळलं नव्हतं. गाव त्याला 'दोन पेल्यांचा लेहबीब' म्हणायचं आणि तो ते कौतुक समजायचा.

चोवीस दिवसांपूर्वी त्याचा थोरला भाऊ बूना अकरा उंट घेऊन पूर्वेला गेला होता. वाळवंटातल्या वदान गावाच्या पलीकडे, जिथं पाऊस पडून गेल्याची बातमी होती. निघण्याच्या दिवशी लेहबीबच्या घरी चहा झाला. दुसऱ्या पेल्यानंतर लेहबीब उठला, कारण बाराची नोंद होती. बूनाला त्या दिवशी काहीतरी विचारायचं होतं, हे त्याला संध्याकाळी बायकोनं सांगितलं.

"फोन कुठला न्यावा, ते विचारणार होता," तेकबेर म्हणाली होती. "म्हणाला, लेहबीबला अक्षांश-रेखांश सगळं कळतं. त्यालाच विचारून भाड्यानं घेतो. तू गेलास. तो थोडा वेळ बसला, मग म्हणाला, राहू दे, पुढच्या वेळी."

बूना चौदा दिवसांत परतणार होता. आज चोविसावा दिवस होता, आणि त्याच्याकडे फोन नव्हता.

"कुठला देऊ?" येस्लेमनं विचारलं. "एका गाडीला एकच. दुकानाचा नियम आहे. मागं दोघे भाऊ दोन फोन घेऊन गेले आणि अख्खा प्रवास एकमेकांशीच बोलत राहिले. एक पुढच्या सीटवर, एक मागच्या."

"तपासून बघू."

दोघं अंगणात आले. शेंडी उभी करून फोन पूर्वेकडे धरावा लागतो. मध्ये भिंत नको, कडा नको, झाड नको. पहिल्यानं अर्ध्या मिनिटात आकाश पकडलं आणि पडद्यावर आपली जागा दाखवली. लेहबीबला ते आकडे पाठ होते, अतारच. दुसऱ्यानं तेच आकडे दाखवले, जरा दमानं.

तिसऱ्यानं दुसरेच आकडे दाखवले.

लेहबीबनं ते दोनदा वाचले. डोक्यातल्या डोक्यात नकाशा उलगडला. वदानच्या पूर्वेला साधारण तीनशे किलोमीटर. तिथं काही नाही. विहीर नाही, वाट नाही. नकाशावर तिथं छापखान्यानं शाई वाचवली आहे.

"हा बिघडलाय."

"बिघडलेला नाही," येस्लेम दुखावल्यासारखा म्हणाला. "एक मिनिट बोलतो, मग कापतो. आणि जागा चुकीची सांगतो, एवढंच. ज्यांना आपण कुठं आहोत हे लपवायचं असतं ते लोक मुद्दाम हाच मागतात."

लेहबीबनं आकडे वहीत टिपले. का, ते त्याला सांगता आलं नसतं. आकडा दिसला की टिपायचा, हा त्याच्या हाताचा धर्म होता. मग तीनची नोंद करायला तो निघाला.

"तिसरा पेला?" येस्लेम मागून ओरडला.

"येऊन पितो!"

सहाला तो परत आला, तेव्हा पेला थंड झाला होता आणि तिसऱ्या फोनवरचे आकडे बदलले होते. ठिपका आठ किलोमीटर पश्चिमेला सरकला होता.

पुढचे दोन दिवस लेहबीब दर तीन तासांनी आधी केंद्रात आणि मग येस्लेमच्या अंगणात जात राहिला. फोन नेणार कुठला, हे विचारून विचारून येस्लेम थकला आणि हवामानाकडे पाहावं तसा लेहबीबकडे पाहू लागला: येतो, जातो, आपल्या हातात काही नाही. शेवटी त्यानं तिसरा फोन लेहबीबला घरीच देऊन टाकला. "दिवसभर बघ. ठरव. पण ठरव."

ठिपका ताशी चार किलोमीटरनं पश्चिमेला येत होता. दिवसातून पाच वेळा थोडा वेळ थांबायचा. रात्री हलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेहबीबनं वही तेकबेरपुढं ठेवली आणि ठिपक्याची चाल समजावली. ती दारात बसून पुदिना निवडत होती. तिला आकड्यांतलं काही कळत नव्हतं, पण माणसांतलं सगळं कळायचं.

"हा काय पाच वेळा थांबतो?"

"हो."

"नमाजाला. आणि चालतो उंटाच्या चालीनं." तिनं पुदिन्याची काडी खाली ठेवली. "लेहबीब, हा बूना आहे."

"हा बिघडलेला फोन आहे. आणि बूनाकडे फोनच नाही."

"मग हा कुणाचा ठिपका आहे? उंटाचा?"

लेहबीबनं वहीचं पुढचं पान उघडलं.

"आणि हे काय?" तिनं बोट ठेवलं. "असरनंतर, उन्हं कलताना, इथं लांबलचक थांबलाय."

"चाळीस मिनिटं. दोन्ही दिवस. चहाला थांबत असेल."

तेकबेर हसली. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा. "चहाला तास लागतो. तीन पेल्यांना पुरा तास. चाळीस मिनिटांत उठणारा माणूस अख्ख्या मुलखात मला एकच माहीत आहे."

"कोण?"

"आरशात बघ. ज्या दिवशी तू तिसरा पेला पिशील ना, त्या दिवशी मी तुला ओळखायची नाही." मग तिचं हसू मावळलं. "हाच फोन घेऊन जा. सालेक गाडी काढेल."

"हा एक मिनिटच चालतो. वाळूत अडकलो तर?"

"नवा फोन घेऊन गेलास तर तू कुठं आहेस ते कळेल. ते मला माहीतच असेल, वाळूत असशील." तिनं फोन उचलून त्याच्या झग्याच्या खिशात टाकला. "बूना कुठं आहे ते हाच सांगतोय."

लेहबीबनं केंद्रात रजेचा अर्ज दिला. पंधरा वर्षांतला पहिला. साहेबांनी तो वाचला आणि विचारलं, "कोण वारलं?"

सालेक तेकबेरचा धाकटा भाऊ. सोनं खणायला जाणाऱ्या लोकांना पिकअपमधून वाळवंटात सोडणं आणि शुद्धीवर आले की परत आणणं, हा त्याचा धंदा. वाळूत उमटलेला माग वाचण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. ओल्या वाळूत उमटलेला पाय बघून तो माणसाचं नाव सांगायचा आणि वर ऐपतही.

"दाजी," तो निघताना म्हणाला, "फोन पूर्वेला धरला की जागा दाखवतो, आणि ती जागा आपली नसते. बरोबर?"

"बरोबर."

"मग आपली जागा कशी कळणार?"

"गाडीच्या मीटरवरून. आणि तुझ्या नाकावरून."

"नाक सध्या सर्दीनं बंद आहे," सालेक म्हणाला आणि गाडी सुरू केली.

पहिल्या दिवशी वदान गाठलं. ठिपका तिथून दोनशे किलोमीटरवर आला होता. लेहबीबनं गावाबाहेरच्या कड्यावर चढून घरी फोन लावला.

"सलाम आलैकुम."

"आलैकुम सलाम. कसा आहेस?"

"बरं आहे, अल्लाची कृपा. तू कशी आहेस?"

"बरं आहे. सालेक बरा आहे? गाडी बरी आहे?"

"सगळं बरं आहे. घर बरं आहे? शेजारी बरे आहेत? शेळ्या?"

"शेळ्या बऱ्या आहेत. उन्हाचं कसं आहे?"

"बरं आहे. तुमच्याकडे उन्हाचं..."

फोन कापला गेला. त्यानं पुन्हा लावला. फोन एक मिनिटाचा आणि सलाम दीड मिनिटाचे. तीनदा लावूनही ते उन्हाच्या पुढं गेले नाहीत. मुद्द्यावर एकदम येणं दोघांनाही सुचलं नाही. लोक मरतात, पण असं बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दीडशे किलोमीटर कापले. वाटेत एका विहिरीजवळ दोन तंबू होते. तिथल्या म्हाताऱ्याला सालेकनं, उंट सापडले तर आणून सांभाळशील का, असं विचारून ठेवलं. त्यानंतर माणूस दिसला नाही. वाळू एवढी एकसारखी, की गाडी चालते आहे की नुसतीच आवाज करते आहे, हे फक्त मीटरवरून समजावं. दर तीन तासांनी लेहबीब खाली उतरायचा, फोन धरायचा, आकडे टिपायचा. मग सवयीनं हवेचं तापमान, वारा आणि ढग. ढग: नाही.

"दाजी, ते कशाला?"

"असू दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला ठिपका आणि त्यांच्यात बारा किलोमीटर उरले. नऊला चार. सालेकनं गाडी हळू केली. एका लांबट टेकाडाला वळसा घातला आणि बाभळीसारख्या एका खुरट्या झाडाखाली त्यांना बांधलेलं कापड दिसलं. बाजूला सात उंट बसले होते.

लेहबीब गाडी थांबायच्या आत उतरला आणि धावला. चपलेत वाळू गेली, झगा पायात आला.

बूना कापडाखाली बसला होता. डावा घोटा भाकरीसारखा सुजलेला, चिंधीनं बांधलेला. ओठ फुटलेले. पण डोळे स्वच्छ होते, आणि त्या डोळ्यांत भाऊ दिसल्याचं नवल अजिबात नव्हतं.

"सलाम आलैकुम, दादा! कसा आहेस? बरा आहेस? काही वाईट नाही ना? पाय..."

"पुन्हा सलाम?" बूना म्हणाला. "सकाळी झाले की. आणलीस एकदाची गाडी? चल, उचल मला."

लेहबीबची नजर झाडाकडे गेली.

झाडाच्या बुंध्याशी विझलेले निखारे होते. त्यावर निळी किटली. किटलीशेजारी दोन पेले. एक पालथा. दुसरा सुलटा, भरलेला, त्यावर कापडाचा तुकडा झाकलेला.

"चहाला कोण होतं?" लेहबीबनं विचारलं.

"आता थट्टा करू नकोस. पाय दुखतोय." बूनानं सालेककडे पाहिलं. "सालेक, तुझे दाजी सतराव्या दिवशी आले बघ. माझा पाय मोडला, चार उंट पळाले, पाणी संपत आलेलं. आणि हे चालत आले. मी म्हटलं, गाडी कुठं आहे? म्हणाले, मागं आहे. मला उंटावर घातलं आणि दोरी धरून पश्चिमेला चालायला लागले. पाणी कुठं आहे ते त्यांना बरोबर ठाऊक. रोज चहा. आणि रोज काय? दोन पेले झाले की उठायचं! मी मरायला टेकलोय, तरी हा माणूस सुधारत नाही. आज सकाळीसुद्धा. मी म्हटलं, तिसरा घे. म्हणाले, तिसरा घरी पिईन." त्यानं झाकलेल्या पेल्याकडे हनुवटीनं खूण केली. "तो बघ, तसाच आहे."

सालेक झाडाभोवती वाकून वाळू बघत फिरत होता. मग त्यानं हाक मारली.

"दाजी. चपला द्या."

"का?"

"डावी द्या."

लेहबीबनं डावी चप्पल काढून दिली. टायरच्या तळाची, टाचेचा कोपरा तुटलेली. सालेकनं ती वाळूत दाबली आणि उचलली. शेजारी आधीच एक ठसा होता. त्यालाही टाचेचा कोपरा नव्हता.

तसे ठसे झाडापासून निघून पश्चिमेला गेले होते. एका माणसाचे, घाईत चाललेल्या. वाऱ्यानं अजून ते मोडले नव्हते. गाडी ज्या टेकाडाला वळसा घालून आली होती, त्याच्या माथ्यावरून ते सरळ पलीकडे उतरले होते.

लेहबीबनं फोन काढला. शेंडी पूर्वेला धरली.

ठिपका सहा किलोमीटर पश्चिमेला होता.

"चप्पल घाला, दाजी," सालेक हळूच म्हणाला. "निघू या."

उंट आणायचं काम विहिरीजवळच्या म्हाताऱ्याकडे सोपवून ते परतले. गाडी त्या ठशांच्या वाटेवरून अख्खा दिवस चालली. मध्ये कुणी दिसलं नाही. सालेकनं एकदाही आरशात पाहिलं नाही; एकदा मागं वळला, तेव्हा म्हणाला, मान मोकळी करतोय.

बूना वाचला. डॉक्टरांनी घोटा प्लास्टरमध्ये घातला, आणि पायऱ्या नसलेलं घर म्हणून तो लेहबीबकडेच राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो एकच गोष्ट सांगायचा: भावानं दोरी धरून आपल्याला बारा-तेरा दिवस कसं चालवत आणलं. लोक लेहबीबला मिठी मारायचे. कुणी खजूर आणून द्यायचे. लेहबीब दोनदा म्हणाला, की तो मी नव्हतो. लोकांना तो विनय वाटला आणि खजूर वाढले. सालेकला विचारलं, की तो म्हणायचा, मी गाडी चालवत होतो.

"तू हे कधी सांगितलं नाहीस," तेकबेर त्याला म्हणाली. तिच्या आवाजात नवाच मऊपणा होता. "मी तर धरून चालले होते, तू घड्याळ बघत जाशील आणि घड्याळ बघत येशील."

"तेकबेर, मी चालत गेलो नव्हतो. मी इथंच होतो. तुझ्यासमोर. तू पुदिना निवडत होतीस."

तिनं किटली उचलली. मग म्हणाली, "मोठेपणा घेता येत नाही तुला. बस, चहा करते."

तो बसला. पहिला पेला झाला. दुसरा झाला. तिसऱ्याचं पाणी किटलीत चढलं, साखर पडली, फेस वर येऊ लागला, आणि लेहबीबचे पाय आपोआप उभे राहिले. त्यानं स्वतःला खाली बसवलं. पाय पुन्हा उठले. तीनची नोंद होती. तो गेला.

फोन त्यानं आल्याबरोबर येस्लेमला परत केला होता. पण दर तीन तासांनी दुकानात जाऊन बघणं सुटलं नाही. ठिपका येत होता. ताशी चार किलोमीटर. पाच वेळा थोडा थोडा. असरनंतर चाळीस मिनिटं.

वदान मागं पडलं. मग वाटेतलं चिंगेत्ती.

लेहबीबनं गणित मांडलं. अतारमध्ये लोक त्याला पंधरा वर्षं विचारत आले होते, उद्या काय होईल, आणि त्याचं भाकीत कधीच खरं ठरलं नव्हतं. या वेळी तीनदा मांडूनही उत्तर एकच आलं. शुक्रवार, असरच्या सुमारास.

शुक्रवारी घरून हलायचं नाही, असं त्यानं ठरवलं. सकाळपासून तो दारात बसून राहिला. बाराची नोंद त्यानं चुकवली. तीनचीही. बूना म्हणाला, "ताप आहे का?"

चारनंतर येस्लेमचा शेजारी सांगावा घेऊन आला: ताबडतोब ये, फोन बरा झाला.

लेहबीब उठला. पाच मिनिटांचं तर काम होतं.

"बस, बस," येस्लेम म्हणाला. किटली शेगडीवरच होती. "आधी चहा."

पहिला पेला लेहबीबनं उभ्यानंच घेतला. येस्लेमच्या गप्पा संपून दुसरा हातात यायला तास होत आला. "फोन दाखव."

येस्लेमनं हिरव्या कापडावरून तिसरा फोन उचलला, अंगणात नेला आणि शेंडी पूर्वेला धरली. चेहरा आनंदानं फुलला होता. "बघ. अतार! आपणहून. मी हातसुद्धा लावला नाही."

लेहबीबनं आकडे वाचले. अतारचेच होते. पण शेवटचे दोन वेगळे. दुकानाचे नव्हते. त्यानं डोळे मिटले. उत्तरेला चारशे मीटर. मशिदीच्या मागं, तिसरी गल्ली. पावसाचं पाणी मोजायचं भांडं ठेवायला त्यानं ती जागा एकदा स्वतः मोजली होती. आपल्याच गच्चीची.

"किती वेळ झाला हे आकडे असे आहेत?"

"तू आलास तेव्हापासून. दोनदा बघितलं मी. तास होत आला."

"नीट सांग. चाळीस मिनिटं?"

"तास, हवामानवाले. तास. जराही हलला नाही. म्हणून तर म्हणतोय, बरा झाला."

लेहबीब वळला.

"अरे, तिसरा पेला?"

"घरी पिईन," लेहबीब म्हणाला.

आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ऐकू आले.

तो धावला. मशीद. पहिली गल्ली. दुसरी.

दार उघडं होतं. पुदिन्याचा वास गल्लीपर्यंत आला होता. आतून बूनाचं हसणं ऐकू येत होतं, पोट धरून हसल्यासारखं. तसा तो लहानपणी हसायचा.

उंबऱ्यापाशी चपला होत्या. बूनाची एक, दुसऱ्या पायाला प्लास्टर होतं. तेकबेरच्या दोन. आणि त्यांच्याशेजारी एक जोड, टायरच्या तळाचा, नीट जोडून ठेवलेला. डाव्या टाचेचा कोपरा तुटलेला. अतारची धूळ तांबडी असते. त्या चपलांवरची पांढरट होती.

लेहबीबनं खाली पाहिलं. त्याच्या चपला त्याच्या पायांत होत्या.

तो खाकरला.

तेकबेर दारात आली. तिच्या हातात थाळी होती, थाळीत तीन पेले पालथे. गाल ओले होते, रडून की हसून, कळत नव्हतं. तिनं लेहबीबकडे पाहिलं. मग थाळी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं अंगभर गुंडाळलेल्या मेलहफाचा पदर कपाळावरून पुढं ओढून घेतला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

"सलाम आलैकुम," ती अदबीनं म्हणाली. "कोण हवंय तुम्हाला?"

"कोण आहे गं?" आतून आवाज आला. ओळखीचा. निवांत. कसलीच घाई नसलेला. "पाहुणा असेल. बसवून घे. किटलीत अजून दोन पेले निघतील."